जर्मन विद्यापीठातलं पहिलं सत्र: प्रवेशपत्रापासून पहिल्या परीक्षेपर्यंत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

प्रवेश मिळेपर्यंत बहुतेक मुलं काटेकोर असतात. घोळ होतो तो त्यानंतरच्या चार महिन्यांत. खातं, विमा, व्हिसा, खोली, नोंदणी ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांचा क्रम चुकतो. जर्मनीत एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या कार्यालयात लागतो. खोली नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही, नोंदणी नसेल तर करक्रमांक येत नाही, आणि चालू खातं नसेल तर स्वतःच्याच गोठवलेल्या पैशातला एक युरो हाती येत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

हे सगळं भारतातून हिवाळी सत्राला जाणाऱ्यांसाठी आहे. विद्यापीठांत हे सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्याला. बऱ्याच फाखहोखशूलेंत, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या उच्चशिक्षण संस्थांत, मात्र सत्र १ सप्टेंबरपासूनच धरतात. तुमची संस्था कोणत्या प्रकारची आहे हे आत्ताच बघा. तिकीट काढल्यावर बघून उपयोग नाही.

## १. प्रवेशपत्र आलं त्या दिवशी

प्रवेशपत्राला त्सुलासुंग्सबेशाइड म्हणतात. ते पहिल्या ओळीपुरतं वाचून घरच्या ग्रुपवर टाकू नका. त्यातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: प्रवेश स्वीकारण्याची मुदत, प्रत्यक्ष नावनोंदणीची मुदत, प्रवेशाला जोडलेल्या अटी, आणि कागदपत्रं कोणत्या रूपात हवीत (मूळ, साक्षांकित की नुसती स्कॅन).

पोर्टलवर ‘स्वीकारतो’ असं कळवावं लागतं आणि ते न केल्याने जागा जाते, हे दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला येतं. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते, अर्ज पुन्हा करावा लागतो.

अटींमध्ये सगळ्यात जास्त अडवणारी अट म्हणजे पदवी प्रमाणपत्र. शेवटच्या वर्षाचा निकाल लागून महिना झाला तरी आपल्याकडे पदवीदान लांब असतं. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र चालेल का, हे विद्यापीठाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाका.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, तोवर हातात असायलाच हवं. भारतातून विद्यार्थी व्हिसासाठी ते १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. ते काढायला आठवडे जातात, त्यामुळे प्रवेशपत्राची वाट बघत थांबण्यात अर्थ नाही.

खबरदारी, नाव: महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर बऱ्याचदा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात तुमचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. जर्मन कारकुनाला पहिला शब्द म्हणजे तुमचं नाव असंच वाटतं. अर्ज, एपीएस, खातं, विमा, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच रकान्यात, त्याच स्पेलिंगने भरा. वडिलांचं नाव एका ठिकाणी घातलं आणि दुसरीकडे गाळलं, तर विम्याची नोंद विद्यापीठाच्या संगणकात तुमच्या नावाला जुळत नाही, आणि ते तुम्हाला नावनोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात कळतं.

## २. पैसे: गोठवलेले आणि हातातले

व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च गोठवलेल्या खात्यात, म्हणजे श्पेरकोंटोत, दाखवावा लागतो. सध्याची रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा बदलत असतो, त्यामुळे पैसे पाठवण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

रक्कम पाठवताना चुका बँकेच्या फॉर्मवर होतात.

- वाटेतले शुल्क. शुल्क कोण भरणार या रकान्यात ‘सगळं पाठवणाऱ्याकडे’ हाच पर्याय निवडा. नाहीतर मधली बँक तिचे पंधरा-वीस युरो कापते, खात्यात रक्कम कमी पडते आणि गोठवल्याचं प्रमाणपत्र निघत नाही. खातं उघडणाऱ्या कंपनीची फी आणि वर ५० युरो धरूनच पाठवा. उरलेले बुडत नाहीत.
- संदर्भ क्रमांक. कंपनीने दिलेला क्रमांक जसाच्या तसा लिहा. पैसे वडिलांच्या खात्यातून जात असले, तर रक्कम कोणाची हे ओळखायचा दुवा तोच असतो.
- टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर. एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली की बँक वरच्या रकमेवर टीसीएस घेते, आणि ११,९०४ युरोंत तो आकडा ओलांडला जातो. तेवढे रुपये खात्यात जादा हवेत. ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्याच विवरणपत्रात तो कर वळता होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही.

आता ज्याने सर्वाधिक मुलं अडचणीत येतात ते. गोठवलेले पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत. आधी जर्मन चालू खातं, त्याचा आयबॅन क्रमांक, तो कंपनीकडे नोंदवणं, काही ठिकाणी पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, आणि मग पहिला हप्ता. यात तीन-चार आठवडे सहज जातात. खर्च मात्र पहिल्याच दिवसापासून चालू.

हिशेब करून बघा. खोलीचं मूळ भाडं ४०० युरो असेल तर अनामत १,२०० पर्यंत असू शकते. पहिल्या महिन्याचं वीज-पाण्यासकट भाडं ४८० धरा. झाले १,६८०. त्यात सत्रशुल्क, विम्याचा हप्ता, गादी-भांडी आणि जेवण. म्हणून २,००० ते २,५०० युरो गोठवलेल्या रकमेबाहेर हवेत: बहुतांश फॉरेक्स कार्डावर, दोन-तीनशे रोख.

ट्यूशन फी नसते हे बहुतेक सरकारी विद्यापीठांबाबत खरं, सगळ्यांबाबत नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. सत्रशुल्क वेगळं, ते सगळीकडेच असतं: साधारण १०० ते ४०० युरो.

## ३. आरोग्य विमा: दोन वेगळे कागद

प्रवासी विमा आणि विद्यार्थी आरोग्य विमा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उतरल्यापासून सत्र सुरू होईपर्यंत पहिला चालतो, पुढे दुसरा. सप्टेंबरात पोहोचलात आणि विद्यार्थी आरोग्य विमा १ ऑक्टोबरपासून असला, तर मधले दिवस उघडे राहू देऊ नका.

वय तिशीच्या आत असेल तर सार्वजनिक विमा कंपनीचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. भारतात बसूनच नोंदणी करा आणि कंपनीला विद्यापीठाचं नेमकं नाव कळवा. तुमचा विमा आहे हे ती विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक संदेशाने कळवते. त्या संदेशाला एम-१० म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. विम्याचं कार्ड दाखवून नावनोंदणी होत नाही, एम-१० पोहोचला तरच होते.

खबरदारी: ‘महिना तीस युरोत विमा’ अशा खासगी योजनेसाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती त्या शिक्षणाच्या पूर्ण काळासाठी असते. मधेच परत येता येत नाही. आजारपण निघालं की मग कळतं त्या तीस युरोंत काय काय बसत नाही. शिवाय सूट घेतली तरी ती कळवणारा एम-१० सार्वजनिक कंपनीकडूनच जावा लागतो. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांनी निघण्याआधीच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाशी बोलून घ्यावं.

## ४. व्हिसा

विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर भरायचा. कागद तिथे तपासले गेले की बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोलावणं येतं. शुल्क ७५ युरो, रुपयांत.

पोर्टलवर कागद अपुरे म्हणून अर्ज परत आला, तर फक्त मागितलेलाच कागद जोडा. घाबरून सगळं पुन्हा चढवू नका. नकार मिळाल्यावर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं न्यायालय, एवढेच मार्ग. म्हणून पहिलाच अर्ज पक्का करा.

तपासा: पासपोर्ट परत आला की केंद्राच्या दारातच व्हिसावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि ‘पासून-पर्यंत’च्या तारखा वाचा. ‘पासून’च्या आधीचं तिकीट असेल तर विमानात चढूच देणार नाहीत. आणि व्हिसा लांबला म्हणून पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, हा विचार मनातून काढा. भारतीय पासपोर्टवर ते होत नाही.

## ५. खोली

श्टुडीरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्राची वाट न बघता अर्ज टाका, जिथे परवानगी आहे तिथे. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी काही सत्रांची असते. तोवर खासगी खोली किंवा एकत्र फ्लॅट.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसती जागा, वार्ममीटे म्हणजे हीटिंग-पाण्यासकट. वीज आणि इंटरनेट कधीकधी त्याहूनही वेगळं. काउत्सिओन म्हणजे अनामत, कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

घरमालकाला एकच प्रश्न लेखी विचारा: “या पत्त्यावर नोंदणी करता येईल ना?” उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ असेल तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणीविना पुढची अख्खी साखळी थांबते.

फसवणुकीची जाहिरात ओळखू येते. शहराच्या मध्यात झकास फ्लॅट, भाडं निम्मं, मालक ‘सध्या परदेशात’, पैसे आधी, किल्ली पोस्टाने. खोली कुणीतरी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय आणि सहीचा करार हाती आल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. पासपोर्टची प्रतही नको.

## ६. बॅग आणि उतरण्याचा दिवस

मूळ गुणपत्रिका, पदवी, एपीएस, प्रवेशपत्र, गोठवल्याचं प्रमाणपत्र, विमा आणि खोलीचा करार हे सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत काहीही नाही.

आईने दिलेलं साजूक तूप, पेढे, श्रीखंड मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. गोडा मसाला, चटण्या, बाकरवडी, पोहे खुशाल न्या.

उतरायचं ते सोमवार ते बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात तर वसतिगृहाचा किल्ली देणारा माणूस सोमवारीच भेटेल, आणि रविवारी दुकानंही बंद.

## ७. पहिले चौदा दिवस

पहिलं काम: पत्रपेटीवर नाव. याला पाच मिनिटं लागतात आणि हेच राहून जातं. आपल्याकडे पोस्टमन शेजाऱ्याला विचारून पत्र पोहोचवतो. तिथे इमारतीच्या दारातल्या पेट्यांच्या रांगेत तुमचं आडनाव दिसलं नाही, तर पत्र परत जातं. करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं पोस्टाने येतं. कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात आडनाव लिहा, चिकटपट्टीने लावा, घंटीच्या बटणापाशीही लावा. एकत्र फ्लॅट असेल तर आधीच्या नावांखाली.

दुसरं: पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या नोंदणी कार्यालयात. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचा दाखला, लागतं. भाड्याचा करार त्याऐवजी चालत नाही. किल्ली घेतानाच त्यावर सही घ्या. अपॉइंटमेंट भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. तारीख दोन आठवड्यांच्या पुढची मिळाली तर अपॉइंटमेंटची छापील पावती जपा.

तपासा: दाखला घेऊन खिडकी सोडण्याआधी नाव, जन्मतारीख, घरक्रमांक वाचा. इथली चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते. फॉर्म हाताने भरताना तुमचा इंग्रजी 7 मधे आडव्या रेघेसह लिहा. तिथला 1 डोक्यावर लांब तिरक्या रेघेचा असतो आणि आपल्या साध्या 7 सारखा दिसतो.

तिसरं: चालू खातं, आणि त्याचा आयबॅन लगेच श्पेरकोंटोच्या कंपनीकडे. मग मोबाइल, मग बाकी.

काही आठवड्यांनी दोन पत्रं येतील. एक ११ आकडी करक्रमांकाचं. ते फाइलला लावा, नोकरीला तो आयुष्यभर तोच. दुसरं रेडिओ-टीव्ही शुल्काचं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते लागतं, पण माणशी नाही, घरटी. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा आणि वाटणी करा. पत्र जाहिरात समजून टाकून दिलं की दंडासकट वसुली येते.

## ८. नावनोंदणी

एम-१० पोहोचला, सत्रशुल्क भरलं, मूळ पदवी दाखवली की इमाट्रिकुलात्सिओन, म्हणजे नावनोंदणी, पूर्ण होतं आणि माट्रिकेल क्रमांक, म्हणजे विद्यार्थी क्रमांक, मिळतो. काही विद्यापीठं हे घरबसल्या करू देतात, काही प्रत्यक्ष बोलावतात. व्हिसा लांबून मुदत हुकणार असं दिसलं, तर मुदत संपण्याआधी ईमेल करा. आधी कळवलेल्यांना काही विद्यापीठं उशिरा घेतात. नंतर कळवून फारसं हाती लागत नाही.

प्रमाणपत्राच्या पाच-सहा प्रती छापून ठेवा: बँक, विमा, परदेशी नागरिक कार्यालय, घरमालक. शुल्कात प्रवासाचं तिकीट येतं का आणि ते कधीपासून लागू आहे, हेही बघा. ओळखपत्र चालू होण्याआधी ट्राममध्ये बसलात तर ६० युरो दंड.

## ९. निवास परवाना

प्रवेश व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयात, अर्ज गेला पाहिजे. पहिल्या परवान्याचं शुल्क १०० युरोपर्यंत. अपॉइंटमेंट दोन-तीन महिने लांबची मिळते, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

कार्ड येण्याआधी व्हिसा संपत असेल तर फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग मागा. अर्ज विचाराधीन असल्याचा हा कागद आहे. अर्ज व्हिसा संपल्यावर गेला असेल तर मात्र याचा आधार मिळेलच असं नाही. दिवाळीला किंवा नाताळात घरी यायचं तिकीट काढण्याआधी हातात नेमका कोणता कागद आहे आणि त्यावर परत प्रवेश मिळतो का, हे कार्यालयाला लेखी विचारा.

फोटो १ मे २०२५ पासून डिजिटलच लागतो. भारतातून छापून नेलेले दोन डझन पासपोर्ट फोटो ग्रंथालय कार्डासाठी वापरा.

कामाची मर्यादा: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातली सहायकाची कामं यातून वगळली आहेत. स्वतंत्र व्यवसाय, फ्रीलान्सिंग वेगळ्या परवानगीशिवाय नाही. परवान्यासोबत येणारं हिरवं पान वाचा, अटी तिथे असतात.

## १०. तासिका आणि त्याहून महत्त्वाचं: परीक्षेची नोंदणी

वेळापत्रकावर ‘१० सी.टी.’ असेल तर तास १०:१५ ला सुरू होतो. ‘१० एस.टी.’ असेल तर बरोबर दहाला. परीक्षा बहुधा दुसऱ्या प्रकारात.

पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रमाचा परीक्षा नियम, प्रूफुंग्सऑर्डनुंग, उतरवून घ्या. सत्राला ३० क्रेडिट हा नमुना असतो आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात. पहिल्याच सत्रात ४० क्रेडिट घेऊन दोन वर्षांचं दीड वर्षात करू म्हणणारे फेब्रुवारीत दमलेले असतात.

आपल्याकडे कॉलेजात प्रवेश घेतला की हॉल तिकीट आपोआप येतं. तिथे तीन नोंदण्या वेगळ्या आहेत: विद्यापीठात, विषयात, आणि त्या विषयाच्या परीक्षेत. मूडल या ऑनलाइन अभ्यास-पोर्टलवर विषय दिसतो, तासाला बसता, युबुंगच्या, म्हणजे सरावाच्या, वह्या देता, आणि तरीही परीक्षेच्या यादीत नाव नसतं. परीक्षा नोंदणीची खिडकी दोन-तीन आठवड्यांची असते, कधी नोव्हेंबरात, कधी डिसेंबरात. चुकली की पुढच्या वेळी. नोंदणीनंतर पावतीची पीडीएफ ठेवा.

नाव काढून घेण्याचीही मुदत असते. ती उलटल्यावर न गेल्यास ५.० म्हणजे नापास धरतात. गुणांकन १.० ते ५.० असं उतरतं, ४.० ला उत्तीर्ण. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि परीक्षा विभागाकडे मुदतीत पाठवा. चार दिवसांनी घेतलेला दाखला बहुतेक धरत नाहीत.

प्रयत्नांची संख्या मोजकी असते, बहुतेक ठिकाणी तीन. शेवटचा गेला की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि जर्मनीत तोच अभ्यासक्रम दुसरीकडे घेणंही बहुधा बंद होतं. परवानाही शिक्षणाशी बांधलेला आहे. म्हणून ‘अनुभवासाठी बसून बघू’ हे तिथे करू नका. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी संघटनेकडे, फाखशाफ्टकडे, मिळतात. पहिल्या महिन्यातच त्यांच्या खोलीत जाऊन या.

## ११. जानेवारी-फेब्रुवारी: पुढच्या सत्राचं शुल्क

परीक्षांच्या धामधुमीतच रुकमेल्डुंगची मुदत येते, म्हणजे पुढच्या सत्राचं शुल्क भरून नाव चालू ठेवणं. पोर्टलवरून रक्कम आणि खाते क्रमांक घ्या, मागच्या सत्राचा आकडा वापरू नका. तो दर सत्राला थोडाफार बदलतो आणि दोन युरो कमी पडले तरी नोंदणी होत नाही. संदर्भाच्या रकान्यात माट्रिकेल क्रमांक आणि विद्यापीठ सांगेल तो मजकूर अक्षरशः तसाच. पैसे मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवा, आणि पोर्टलवर स्थिती बदललेली दिसेपर्यंत रोज बघत राहा.